लष्कराला नको असलेले रणगाडे: निवडणूक कशी होते, त्यावर बंदुकीचा खर्च कसा ठरतो?

(या भागाचं संपादित शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय ऐकायला जरा जड आहे. निवडणुकीची पद्धत आणि लष्करावरचा खर्च, या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध? पण पहिली पाच मिनिटं थांबा. कारण सुरुवात एका गोष्टीने करायची आहे आणि ती गोष्ट थोडी विचित्र आहे.

साल २०१२. अमेरिकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल रेमंड ओडिएर्नो काँग्रेससमोर बसले होते. काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्याकडे अब्राम्स रणगाडे पुरेसे आहेत. सैन्यात दोन हजारांवर आहेत आणि शिवाय हजारो रणगाडे कॅलिफोर्नियात नुसते उभे आहेत. तेव्हा काही वर्षं रणगाड्यांचं काम थांबवू, पैसे वाचवू आणि पुढची सुधारित आवृत्ती तयार झाली की पुन्हा सुरू करू.

आता तुम्हाला काय वाटतं, संसदेने काय केलं असेल? लष्करप्रमुख स्वतःहून सांगतोय की पैसे नकोत. असा माणूस रोज भेटत नाही! पण झालं उलटंच. प्रतिनिधीगृहातल्या १७३ सदस्यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं की काम थांबवू नका. यात दोन्ही पक्षांचे लोक होते. आणि लष्कराने न मागितलेले कोट्यवधी डॉलर रणगाड्यांसाठी मंजूर झाले.

का? उत्तर शोधायला ओहायो राज्यातल्या लिमा नावाच्या गावात जावं लागतं.

लिमाचा कारखाना

लिमा हे काही फार मोठं शहर नाही. पण अमेरिकेत रणगाडे तयार करणारा एकमेव कारखाना तिथे आहे. मालकी सरकारची, चालवते जनरल डायनॅमिक्स ही कंपनी. असा कारखाना थांबला की फक्त वेल्डर घरी बसत नाही. कोपऱ्यावरचं हॉटेल, गाड्यांचं गॅरेज, घरभाडं, शाळेची फी, सगळं हलतं. त्यामुळे तिथल्या खासदाराचं काय होईल ते तुम्हीच विचार करा.

तिथले खासदार जिम जॉर्डन हे रिपब्लिकन. सरकारी खर्च कमी करा, हा त्यांच्या राजकारणाचा मुख्य सूर. पण या कारखान्याच्या बाबतीत त्यांनीही खर्चाची बाजू घेतली. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. पण क्षणभर त्यांच्या जागी उभं राहून बघा. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडून येतो. आणि निवडणूक दर दोन वर्षांनी! म्हणजे निवडून आलं की दुसऱ्या दिवसापासून पुढची तयारी. अशा वेळी कारखाना बंद पडला तर लोक कोणाला विचारणार? एकालाच.

पेव्हर ब्लॉकचं गणित

हे आपल्याला अजिबात नवीन नाही. तुमच्या गल्लीतल्या बाकड्यावर कोणाचं नाव रंगवलेलं आहे? चांगले असलेले पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा नवे कोण बसवतं? मोठी जलवाहिनी सगळ्या शहराची असते, तिचं श्रेय वाटलं जातं. बाकडं मात्र माझ्या वॉर्डात असतं, त्यावर माझं नाव येतं.

आता गंमत बघा. मुंबई महापालिकेत २२७ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डाचा एक नगरसेवक. पुण्यात चार-चार नगरसेवकांचे प्रभाग. पुणेकरांना अनुभव असेल, खड्ड्याची तक्रार घेऊन गेलं की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. मतदारसंघ कसा आखला आहे, यावर जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडते ते ठरतं. जबाबदारी बदलली की खर्चाची दिशाही बदलते.

अभ्यासक हेच जरा मोठ्या शब्दांत सांगतात. टॉर्स्टन पर्सन आणि ग्विडो ताबेलिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या मांडणीचा साधा अर्थ असा. जिथे एका मतदारसंघातून एकच जण निवडून येतो, तिथे खर्च एखाद्या ठरावीक जागेवर दाखवता येईल अशा कामांकडे झुकतो. जिथे पक्षाला देशभर जेवढे टक्के मतं तेवढ्या टक्के जागा मिळतात, तिथे खर्च पेन्शन, बेकारी भत्ता अशा मोठ्या समूहांना पोहोचणाऱ्या योजनांकडे झुकतो. पहिल्या प्रकारात नेता नकाशा बघतो. दुसऱ्या प्रकारात तो समाजातले गट बघतो.

आणि लष्करी खर्च हा विचित्र प्राणी आहे. संरक्षण सगळ्या देशाचं होतं. पण तळ, गोदी, कारखाना हे सगळं कुठल्यातरी एका जागी असतं. त्यामुळे त्याचा फायदा बाकड्यासारखा एका वॉर्डात दिसतो आणि बिल मात्र सगळा देश भरतो.

कंपन्यांनाही नकाशा वाचता येतो

हे गणित खासदारांना कळतं तसं कंपन्यांनाही कळतं. एफ-३५ हे लढाऊ विमान घ्या. ते बनवणारी लॉकहीड मार्टिन कंपनी अभिमानाने सांगते की आमचे पुरवठादार अमेरिकेतल्या ४५हून अधिक राज्यांत आहेत. एकूण राज्यं ५०. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य. म्हणजे हे विमान रद्द करायचं म्हटलं तर बहुतेक सगळ्या सिनेटरांच्या राज्यातल्या कुणाच्या तरी नोकरीवर गदा येते. विमान आकाशात शत्रूच्या रडारपासून लपतं, आणि बजेटच्या कात्रीपासून वाचवायला त्याचे सुटे भाग देशभर पसरलेले असतात.

तळांचंही तेच. १९७७मध्ये झालेल्या कायद्यामुळे लष्करी तळ बंद करणं इतकं किचकट झालं की पुढची दहा वर्षं एकही मोठा तळ बंद झाला नाही. प्रत्येक खासदार म्हणायचा, तळ जास्त झालेत हे खरं, पण माझ्याकडचा सोडून.

मग १९८८मध्ये एक युक्ती निघाली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले खासदार डिक आर्मी यांनी ती पुढे रेटली. एक स्वतंत्र आयोग नेमायचा. बंद करायच्या तळांची यादी त्याने तयार करायची. संसदेने ती अख्खी यादी घ्यायची नाहीतर अख्खी फेटाळायची. मधलं एकच नाव वगळता येणार नाही. यामुळे खासदाराची सुटका झाली. तो मतदारांना सांगू शकत होता, 'मी विरोध केला हो, पण आयोगापुढे काय करणार!' १९८८ ते २००५ या काळात अशा पाच फेऱ्या झाल्या आणि साडेतीनशेहून अधिक ठिकाणं बंद झाली. त्यानंतर संरक्षण खात्याने पुन्हा पुन्हा नवी फेरी मागितली. काँग्रेसने ती दिलेली नाही.

विचार करा, निवडणुकीच्या पद्धतीतून आलेला दबाव इतका होता की खासदारांना स्वतःचेच हात बांधून घ्यावे लागले. तेव्हा कुठे काम झालं.

आता जरा नेदरलँड्समध्ये जाऊ

निवडणुकीची पद्धत अगदी उलटी असेल तर? त्यासाठी नेदरलँड्स हे छान उदाहरण आहे. तिथल्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा. आणि जागावाटपासाठी संपूर्ण देश म्हणजे एकच मतदारसंघ. लोक पक्षाच्या यादीवर मत देतात. सगळ्या देशात मिळून पाऊण टक्क्याच्या आसपास मतं मिळाली तरी एक जागा मिळते. त्यामुळे सभागृहात पक्ष भरपूर आणि सरकार कायम आघाडीचं.

आता तिथे 'लिमाचा खासदार' असा माणूसच नाही. मुख्य नौदल तळ डेन हेल्डरला आहे, पण 'डेन हेल्डरचा खासदार' अशी जागा नाही. याचा परिणाम बघा. शीतयुद्धाच्या काळात या छोट्या देशाने ४४५ लेपर्ड-२ रणगाडे घेतले होते. २०११मध्ये मंदीनंतरची काटकसर सुरू होती. सरकारने ठरवलं की उरलेल्या रणगाड्यांची तुकडीच बंद करायची. सगळीच! त्यातले शंभर पुढे फिनलंडला विकले. अमेरिकेत लष्कर नको म्हणत असताना संसद रणगाडे देत होती. साधारण त्याच सुमाराला इथे एका फटक्यात सगळे रणगाडे गेले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा फरक फक्त निवडणूक पद्धतीमुळे पडला असं म्हणणं चूक ठरेल. नेदरलँड्स छोटा देश आहे, नाटोच्या छत्राखाली आहे आणि लेपर्ड मुळात जर्मनीचा रणगाडा. पण तो बंद होताना 'माझ्या मतदारसंघाचं काय' म्हणून सगळं अडवून धरणारा आवाज तिथे बराच क्षीण होता, हेही खरं. अगदीच नव्हता असं नाही. नौसैनिकांचा एक तळ झीलंड प्रांतातल्या फ्लिसिंगनला हलवायचं २०१२मध्ये ठरलं आणि २०२०मध्ये ते रद्द झालं, तेव्हा त्या प्रांताने मोठा आवाज उठवला आणि बदल्यात भरपाईचं पॅकेज पदरात पाडून घेतलं. स्थानिक राजकारण सगळीकडे असतंच, फक्त त्याचा जोर कमी-जास्त असतो.

मग आघाडीच्या देशात सौदा कशावर होतो? तो मंत्रिमंडळाच्या टेबलावर होतो, पक्षा-पक्षांत. एफ-३५चंच बघा. नेदरलँड्सची मूळ योजना ८५ विमानांची होती. मजूर पक्ष या खरेदीच्या विरोधात होता. पुढे तोच पक्ष उदारमतवादी पक्षाबरोबर सरकारमध्ये आला आणि २०१३मध्ये तडजोड झाली. साडेचार अब्ज युरोंची मर्यादा, त्यात बसतील तेवढी विमानं. बसली ३७.

जर्मनीतही असंच. तिथे आघाडीतल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने २०२०च्या अखेरीस ड्रोनवर शस्त्रं बसवायला नकार दिला आणि विषय अडकला. युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर, २०२२मध्ये, तो मंजूर झाला. म्हणजे अमेरिकेत 'बंद करू नका' म्हणणारे शेकडो जण असतात. इकडे 'सुरू करू नका' म्हणणारा एक भागीदार पुरेसा असतो.

मग यादी पद्धत आणली की लष्करी खर्च कमी होतो का?

इथपर्यंत ऐकून बऱ्याच जणांच्या मनात हे आलं असेल. उत्तर आहे, नाही. आणि याचा पुरावा म्हणजे इस्रायल.

इस्रायलमध्येही संपूर्ण देश एकच मतदारसंघ आहे. १२० जागा, पक्षांच्या याद्या, ३.२५ टक्क्यांची किमान मर्यादा. निवडणुकीचा सांगाडा नेदरलँड्ससारखाच. पण २०२४मध्ये इस्रायलचा लष्करी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या ८.८ टक्के होता. २०१०च्या दशकाच्या मध्याला नेदरलँड्सचा जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास होता. पद्धत जवळपास तीच आणि आकडा सात पट. का, ते सांगायला नको. एकाच्या सीमेवर युद्ध होतं आणि दुसऱ्याला वाटत होतं की युद्धाचे दिवस संपले.

आणि ते वाटणं बदललं तेव्हा नेदरलँड्सचा आकडाही बदलला. २०२२नंतर तिथला खर्च वेगाने वाढला. ३७ एफ-३५चा आकडा टप्प्याटप्प्याने ५८वर गेला. २०२४मध्ये सरकारने नव्या पिढीचे ४६ लेपर्ड घ्यायचं ठरवलं. निवडणूक पद्धत तीच राहिली, फक्त भीती बदलली.

म्हणजे किती खर्च करायचा हे प्रामुख्याने धोका ठरवतो, देशाची ऐपत ठरवते. निवडणुकीची पद्धत ठरवते की तो पैसा कुठे जाणार, त्याला कोण अडवू शकणार आणि ओझं कोणाच्या खांद्यावर पडणार.

ओझ्याचा मुद्दा इस्रायलमध्येच फार स्पष्ट दिसतो. १९४८मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धार्मिक पाठशाळांमधल्या काहीशे विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट दिली. पुढे ही संख्या हजारोंच्या घरात गेली. ती का थांबली नाही? कारण यादी पद्धतीत अतिधार्मिक पक्षांना थोड्या पण नेमक्या जागा मिळत राहिल्या आणि त्यांच्याशिवाय सरकार बनवणं अनेकदा अवघड झालं. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सूट देणारा कायदाच नाही, तेव्हा सरकारने या तरुणांनाही भरती करायला हवं. लगेच आघाडीत तणाव. तुमच्या वयाची मुलं आहेत ही. एकाच्या वाट्याला युनिफॉर्म येतो, दुसऱ्याच्या येत नाही, आणि त्यामागे जागावाटपाचं गणित असतं.

आपल्याकडे काय?

भारतातही एका मतदारसंघातून एकच खासदार येतो. ५४३ मतदारसंघ. मग आपल्याकडे अमेरिकेसारखं होतं का? म्हणजे खासदार उठून 'माझ्या जिल्ह्यातल्या कारखान्याला आणखी पाचशे कोटी द्या' म्हणतो आणि ते बजेटमध्ये घुसतात, असं?

नाही होत. कारण राज्यघटनेचं कलम ११३. लोकसभा सरकारची खर्चाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला की खासदारकी जाऊ शकते. संरक्षणाच्या मागण्या तर कितीतरी वेळा चर्चेविना, इतर मागण्यांबरोबर एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला संसदेच्या भाषेत गिलोटिन म्हणतात. म्हणजे निवडणूक पद्धत अमेरिकेसारखी, पण तिजोरीची चावी खासदाराच्या हातात नाही. ती मंत्रिमंडळाकडे असते.

म्हणून आपल्याकडे नकाशाचं राजकारण आधीच होतं, सरकारच्या पातळीवर. २०१८च्या बजेटमध्ये दोन संरक्षण औद्योगिक कॉरिडॉर जाहीर झाले, ते उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला मिळाले. महाराष्ट्रात खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, असे जुने कारखाने आहेत. खडकीचा तर १८६९चा. तो इंग्रजांनी त्यांच्या सोयीने उभारला, तेव्हा मताचा प्रश्नच नव्हता!

आणि आपल्याकडे मतं खरी फिरतात ती रणगाड्यावर नाही, माणसांवर. भरती आणि पेन्शन. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी गाव ऐकलं असेल, पिढ्यानपिढ्या घराघरातून सैनिक देणारं. अशी गावं पंजाबात, हरियाणात, राजस्थानात, हिमाचलात भरपूर आहेत. संरक्षण खात्याचे पेन्शनधारक तीस लाखांहून जास्त आहेत, त्यांची कुटुंबं वेगळी. 'एक पद, एक पेन्शन'चा प्रवास आठवा. सप्टेंबर २०१३मध्ये रेवाडीच्या सभेत नरेंद्र मोदींनी तो विषय उचलला. फेब्रुवारी २०१४च्या अंतरिम बजेटमध्ये तेव्हाच्या यूपीए सरकारने तो जाहीर केला. नव्या सरकारचा आदेश नोव्हेंबर २०१५मध्ये निघाला. आणि जून २०२२मध्ये आलेली अग्निपथ योजना, चार वर्षांच्या भरतीची, २०२४च्या प्रचारात कशी गाजली ते तुम्ही पाहिलंच.

आकडे बघा. २०२५-२६चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी रुपयांचं. त्यात पेन्शन सुमारे १.६१ लाख कोटी. नवी शस्त्रं, विमानं, जहाजं अशा सगळ्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. दोन्ही आकडे जवळजवळ शेजारी-शेजारी. सैनिकाला पेन्शन मिळायलाच हवी, यात वाद नाही. पण कुठल्या खर्चामागे मतदार उभा आहे आणि कुठल्या खर्चामागे फक्त एक फाइल, हे यातून लक्षात येतं.

लिमाच्या गोष्टीचा शेवट

सुरुवातीची गोष्ट अर्धी राहिली होती. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. पोलंडने २५० अब्राम्स मागवले. २०२३च्या जानेवारीत अमेरिकेने युक्रेनला ३१ द्यायचं जाहीर केलं. आणि जगाचं लक्ष पुन्हा त्या एकमेव कारखान्याकडे गेलं, जो चालू होता.

मग काय, २०१२मध्ये संसद बरोबर होती आणि जनरल चुकले? तेव्हा खासदारांचा एक युक्तिवाद होता की कारखाना एकदा थांबला की कुशल कामगार आणि छोटे पुरवठादार पांगतात, पुन्हा जमवायला जास्त पैसे लागतात. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण २०१२मध्ये कुणालाही युक्रेन दिसत नव्हतं. दिसत होता तो लिमामधला मतदार. निर्णय कामी आला, पण तो ज्या कारणासाठी घेतला गेला ते कारण वेगळं होतं. आणि त्याच काळात तोच पैसा दुसऱ्या कुठल्या गरजेला लागला असता, त्याचा हिशेब कधी मांडला जात नाही. कारण त्या दुसऱ्या गरजेचा कुठे कारखाना नव्हता, की मतदारसंघ नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी 'इतक्या हजार कोटींची संरक्षण खरेदी' अशी नोटिफिकेशन आली की छाती फुगवण्याआधी किंवा नाक मुरडण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे सैन्याने मागितलं होतं का? ते बनणार कुठे आहे आणि तिथे निवडणूक कधी आहे? आणि 'नको' म्हणायचा अधिकार कोणाकडे होता, त्याने तो वापरला का? एवढ्याने सगळं कळेल असं नाही, पण बातमीत न लिहिलेलं बरंच दिसायला लागेल.

तुमच्या गावात किंवा आसपास असा कारखाना, तळ किंवा सैनिकांचं गाव असेल, तर तिथे मत मागताना उमेदवार काय बोलतात ते आम्हाला नक्की कळवा. व्हॉइस नोट पाठवलीत तर आणखी छान. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा आणि मुख्य म्हणजे, प्रश्न विचारत राहा!